ही कसली मदतनीस?

आईस नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं फिरलंय.

दुसरीच्या मुलांना 'आपले मदतनीस' हा धडा शिकवला. एका मुलीनं शाळा झाडणाऱ्या आपल्या आईचं चित्र काढलं. मी ते भिंतीवर लावलं. तपासणीला साहेब येणार म्हणून मोठ्या बाईंनी ते काढून टाकलं. म्हणाल्या, "डॉक्टर लावा, पोस्टमन लावा. ही कसली मदतनीस?"

"तुमची खोली रोज झाडते ती," मी म्हटलं आणि चित्र त्यांच्याच दारावर चिकटवलं. नोकरी काही लगेच जात नाही, घाबरू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? लोकांची भांडी घासून ते झिजले, आणि माझ्या वहीत मात्र तू 'आई घरीच असते' असं लिहायला लावलंस. तो राग अजून गेलेला नाही.

तुझी,
भांडीवालीची मुलगी