पेटीच्या पोटातली गादी

माय,

आज दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात नव्या पोरापोरींना गोदाम शिकवून आले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बोलावतात, गाडी पाठवतात, खुर्चीवर टॉवेल टाकून बसवतात. ऐकायला तुला मजा वाटली असती. मी त्यांना लाकडी पेट्या दाखवल्या आणि सांगितलं, छपराला पाण्याचे फवारे बसवले म्हणजे झालं असं समजू नका. खाली काय रचलंय आणि किती उंच रचलंय, त्यावर फवारा आग विझवेल की नुसताच भिजवत बसेल ते ठरतं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हणाले, भिलाईत, स्टोअरमध्ये. तिनं वहीत लिहून घेतलं. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं, आणि घरी येईस्तोवर ते मला टोचत राहिलं.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाचं सांगते. रशियातून यंत्रं यायची, रेल्वेच्या डब्यांतून पेट्याच पेट्या उतरायच्या. तू रेजा होतीस, बाया मजुरांतली एक, सब्बल म्हणजे लोखंडी पहार घेऊन पेट्या खोलायचीस. मी त्याच स्टोअरमध्ये टेबलाशी बसून त्यांच्या याद्या करायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो त्याच वर्षी तू ठरवलं होतंस की ही पोर शिकेल, आणि तुझ्या डोक्यावरच्या टोपल्यांनी मला दुर्गला मॅट्रिक केलं. नोकरी लागली ती तीन महिन्यांच्या बोलीवर, काम पसंत पडलं तर पक्की. सकाळी आपण दोघी घरून सोबत निघायचो. गेट जवळ आलं की माझ्या चपलेचा अंगठा हटकून निघायचा. मी वाकायची, तू पुढे जायचीस, मजुरांच्या रांगेत. ऑफिसातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की ती उंच, काळी, कोणाला न घाबरणारी रेजा माझी माय आहे. तू कधी मागे वळून पाहिलं नाहीस, आणि चपलेबद्दल एका शब्दानं विचारलंही नाहीस.

मोठ्या शेडला नवे फवारे बसले होते आणि आगीच्या खात्याचे साहेब तपासायला येणार होते. त्याआधी पेट्यांचे तीन वर्ग पाडायचे होते. ज्यात नुसतं लोखंड, त्या थेट वरच्या आडव्या बीमपर्यंत रचायच्या. ज्यात जळणारं काही आहे, त्या छातीइतक्याच. रिकाम्या पेट्या तर शेडमध्ये ठेवायच्याच नाहीत, कारण रिकामी पेटी सगळ्यात जास्त भडकते. मी काय केलं, तर पेट्यांवर रंगानं जे लिहिलं होतं ते वाचत गेले. बोल्ट, बेअरिंग, व्हॉल्व्ह. सगळं लोखंड, सगळं पहिल्या वर्गात. दोन दिवसांत यादी तयार, अक्षर मोत्यासारखं. आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, खूश झाले.

त्या संध्याकाळी तू चुलीपाशी बसली आहेस आणि मी मोठ्या ऐटीत तुला यादी वाचून दाखवते आहे. तू ऐकतेस, मग हसतेस. "तू पेट्या पाहून राहिली होती का नुसत्या वाचून राहिली होती वो?" मी चिडते. लोखंड काय जळतं का, म्हणून विचारते. पेट्यांतून निघालेल्या, केसांसारख्या बारीक सालपटांचा गुंता तू जाळायला घरी आणायचीस, मुकादम तेवढं नेऊ द्यायचा. त्यातलीच एक मूठ, तेलकट कागदात गुंडाळलेली, तू चुलीत टाकतेस. जाळ भप्पकन छपराच्या कवेलूंपर्यंत जातो, मी मागे सरकते. "लोखंड जळत नाई हे मलेबी मालूम हाये," तू म्हणतेस, "पण ते लोखंड ज्या गादीवर झोपते, तिचं काय लेहलं तू?"

काहीच लिहिलं नव्हतं. सकाळी बडे बाबूंना सांगितलं तर ते उखडले. यादी वर गेली आहे, साहेब अकराला येत आहेत, आणि माझे तीन महिने अजून भरायचे आहेत याची त्यांनी मला आठवण करून दिली. "तीन पेटी खोल के देखेंगे. लोहा ही निकला, तो कल से मत आना." नोकरी गेली असती तर तुझ्या इतक्या वर्षांच्या टोपल्या वाया गेल्या असत्या, एवढंच डोक्यात होतं.

साहेब आले. तू सब्बल घेऊन पुढे आलीस, पण लगेच खोललं नाहीस. बाजारात मडकं घेताना वाजवून पाहतात, तशी तू बोटांच्या पेरांनी एकेक पेटी वाजवत गेलीस. "ही नाई. ही नाई. ही खोलतो, हिच्या पोटात गादी हाये." खिळे करकरत निघाले, फळी उचकटली, आणि वरपर्यंत सालपटं, मेणाचा कागद, त्यात तळाशी मूठभर बेअरिंगं. दुसरी तशीच. तिसरीही तशीच. साहेबांनी गुंता हातात घेऊन चुरगाळला, वर फवाऱ्यांकडे पाहिलं, बीमपर्यंत रचलेल्या थप्प्यांकडे पाहिलं, आणि सगळ्या थप्प्या उतरवायचा हुकूम दिला. पुढचे आठ दिवस तू वाजवायचीस, मी लिहायची. अर्ध्याहून जास्त पेट्यांचा वर्ग बदलला. माझी नोकरी पक्की झाली, पुढे गोदामं तपासायचं कामही माझ्याकडे आलं. त्यानंतर जन्मभर मी एकही पेटी नुसती वाचून लिहिली नाही, आणि मी पास केलेल्या एकाही गोदामात फवारे कमी पडले नाहीत. याचा मला गर्व आहे, माय. तुझ्याइतकं लाकूड जाणणारं माणूस मला मोठमोठ्या परीक्षा दिलेल्यांतही भेटलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तू आख्ख्या चाळीला सांगत सुटली होतीस, "माह्या पोरीनं साहेबाले पेट्या खोलाले लावल्या!" वाजवल्या कोणी, ते तू कोणालाच सांगितलं नाहीस.

मीही नाही. तिसरी पेटी उघडल्यावर साहेबांनी मला विचारलं होतं, "आपको ये बात किसने बताई?" तू दोन हातांच्या अंतरावर उभी होतीस, हातात सब्बल, केसांत सालपटं. मी म्हणाले, "एक रेजा है साहब." तू मान हलवलीस, म्हणजे बरोबर, असंच सांग.

हे तू होतीस तेव्हाच सांगायला हवं होतं. समोर बसून बोलायची हिंमत नव्हती, म्हणून पत्र लिहावंसं कितीदा वाटलं. पण तुला वाचता येत नव्हतं, तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायची. हेही तू माझ्याचपुढे धरलं असतंस, आणि म्हणाली असतीस, वाच वो, काय लेहलं त्यात.