पिवळ्या नराचं बुबुळ

बाबा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपल्या बजी पोपटांतल्या पिवळ्या नराचे डोळे लाल होते. ते चूक आहे. काळे होते. तेही पत्र माझ्याकडेच आहे, त्यामुळे दुरुस्ती तिथेच करता आली असती, पण नुसतं खोडून भागणार नाही.

गेल्या रविवारी दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी आई माझ्या डोळ्यांत औषध घालत होती. "बुबुळ वर कर गं, भुवई नाही." मी विचारलं, बुबुळ म्हणजे? "अच्छा! पंचविशी उलटली आणि बुबुळ माहीत नाही?" ती इतकी हसली की थेंब गालावर पडला. मला हसू आलं नाही.

आर. के. पुरमच्या जुन्या घराच्या बाल्कनीत मी पिंजऱ्यासमोर उभी आहे, अकरा वर्षांची. साखरेमुळे तुमची नजर अधू झालेली. रंग दिसतात, बारीक काही दिसत नाही. तुम्ही विचारता, मी सांगते, तुम्ही वहीत मोठ्या अक्षरांत लिहिता. "पंखांवर रेघा?" नाहीत. "बुबुळ?" मला वाटतं, बुबुळ म्हणजे बबल, चोचीवरचा तो फुगीर भाग. पक्षी लहान आहे, तो भाग गुलाबी आहे. मी म्हणते, गुलाबी. "म्हणजे लाल डोळ्यांचा ल्युटिनो, अस्सल पिवळ्या जातीचा," असं म्हणून तुम्ही खूश होता.

तोच नर तुम्ही शेजारच्या काकूंना त्यांच्या हिरव्या मादीसाठी दिलात. पाच पिल्लं झाली, पाचही हिरवी. ल्युटिनो बापाच्या सगळ्या मुली पिवळ्याच निघतात, हिरवे फक्त मुलगे, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. आणि पाचांत एकही मादी नाही, हे तुम्हाला पटेना.

"वहिनी, पिल्लं खोटं बोलत नाहीत. नर बदललाय."

"म्हणजे मी खोटं बोलते, भावजी?"

त्यानंतर काकू आपल्याकडे आल्या नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा आल्या, पण दारातच थांबल्या.

आईचं हसणं थांबल्यावर मी जुना फोटो शोधला. नर माझ्या बोटावर बसलाय, डोळा मोहरीसारखा काळा. मग मी वाचत सुटले. काय गंमत आहे बघा: बजीमध्ये स्पँगल नावाचा एक गुण असतो. तो आई-बाप दोघांकडून आला, तर अंगावरच्या साऱ्या खुणा पुसल्या जातात आणि पक्षी नुसता पिवळा दिसतो, डोळे मात्र काळेच राहतात. त्याच्या प्रत्येक पिल्लाला तो गुण एकेरी मिळतो, त्यामुळे अंग हिरवंच राहतं, फक्त खुणा उलटतात. नेहमीच्या पक्ष्याच्या पंखांवर काळ्या पिसाला पिवळी कड असते; या पिल्लांच्या पिवळ्या पिसाला काळी कड. वही उघडली. काकूंच्या पाचही पिल्लांपुढे मीच सांगितलेलं तुमच्या अक्षरात आहे: "पंखांची नक्षी उलटी." तुम्ही खाली दोन रेघाही ओढल्यात. पिल्लं खरंच खोटं बोलत नव्हती, बाबा. ती त्याचीच होती.

शब्द कळला नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण "दिल्लीत वाढली, तरी हिचं एक मराठी अक्षर अडत नाही," असं तुम्ही त्याच काकूंना कौतुकाने सांगायचात. तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं मला.

काकू आता गुरुग्रामला मुलाकडे असतात. काल, मंगळवारी, फोन लावला. "हॅलो, कौन?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मी ठेवून दिला. शनिवारी सकाळी मी न कळवता जाणार आहे.