सोनाबाईंच्या आवाजासाठी सेल

परभणी, रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

ठरलं. यापुढे टेपला चार्जिंगचेच सेल.

मागच्या रविवारी पिंगळीच्या सोनाबाईंची हळदीची गाणी टेप केली, तेव्हा साधे सेल उतरत गेले, कॅसेट मंद फिरली आणि मला कळलंच नाही. घरी नवे सेल घालून ऐकलं, तर सत्तरीच्या बाईचा आवाज पोरीसारखा, धावणारा. आठवडाभर शाळेत शिकवतानाही तोच आवाज कानात.

दुकानदार म्हणाला, "म्याडम, चार्जिंगच्या सेलात जोर कमी हाय. नका घेऊ." जोर कमी, हे खरं. पण तो शेवटपर्यंत सारखा राहतो, मला तेच हवं. घेतले. घरी चार्ज करून कॅसेटच्या दोन्ही बाजू चालवून पाहिल्या. वेग जराही ढळला नाही. माझं चुकलं असतं तर? नाही चुकलं.

आज पुन्हा पिंगळीला गेले. तासभर टेप केलं आणि तिथेच वाजवलं. सोनाबाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांचा खरा आवाज, जाड, थोडा कापरा.

"येवढी म्हातारी झाले का वं मी?"

मी टेप बंद केला. तशा त्या हसल्या. "लाव पुन्हा. आजून वरातीची ऱ्हायलीत."