फाटलेला पडदा माझ्या शिलाईचा नव्हता

तीर्थरूप ताई,

पायांपर्यंत वाकून नमस्कार करणार होतो, पण डॉक्टरांनी आज धसमुसळेपणा नको म्हणून बजावलंय, तेव्हा खुर्चीत ताठ बसून केलेलाच गोड मानून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला उतरला का? आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे दुपारपासून आहोत. हे अक्षर माझं नाही, हे तू ओळखलं असशीलच. डोळ्यात थेंब घातल्यामुळे मला कागदाचा नुसता ढग दिसतोय, म्हणून मी सांगतोय आणि तुझी भावजय लिहितेय. (सांगतात तसंच लिहितेय, वन्सं. थापा आल्या की कंस टाकीन.)

झालं असं, की परवा एका बाईंचे पांढऱ्या जाळीचे पडदे मशीनवर होते. मध्येच एक काळा धागा दिसला. चिमटीत धरायला गेलो तर सरकला. पुन्हा गेलो, पुन्हा सरकला. कापड झटकलं, कापडवाल्याच्या कुळाचा उद्धार केला, आणि वैतागून भिंतीकडे पाहिलं तर धागा भिंतीवर! काल त्याच्या सोबतीला मिरपूड सांडावी तसे ठिपके आले, आणि मान वळवली की डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकायला लागली. मी म्हटलं, दिव्याची वायर सैल झाली. वायरमनने सगळा बोर्ड खोलून पाहिला, पुन्हा लावला, आणि वीज चमकायची ती चमकतच राहिली. (डोळे दाखवा असं मी पहिल्या धाग्यापासून म्हणत होते.)

शेवटी आज सकाळी हिने मला ओढत डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथले पडदे मीच शिवलेले, त्यामुळे मी जरा रुबाबातच शिरलो. डॉक्टरीणबाई वयाने आपल्या भाचीएवढ्या. त्यांनी थेंब घातले, स्वतःच्या कपाळावर दिवा बांधला, मला वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा असं दहा दिशांना फिरवलं, मग दिवा वर सारून म्हणाल्या, ''काका, पडदा फाटलाय.''

ताई, माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, ''शक्यच नाही! काठाला दुहेरी शिलाई आहे. धुताना कोणीतरी ओढला असणार!'' आणि तरातरा खिडकीशी गेलो. थेंबांमुळे धड दिसेना, म्हणून काठ हाताने चाचपला. शिलाई खणखणीत. मागून बाई हळूच म्हणाल्या, ''खिडकीचा नाही काका. तुमच्या डोळ्यातला.'' मी तो पडदा मुठीत धरून तसाच उभा राहिलो. आपला धंदा नजरेचा. नजर गेली की मी कशाचा कारागीर?

मग त्यांनी मला समजावलं, आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनवर माझ्याच डोळ्याच्या आतला फोटो लावला. ताई, काय सांगू! नारिंगी, गोल आभाळ, त्यात तांबड्या शिरा पसरलेल्या, आणि पार काठाला घोड्याच्या नालेसारखी छोटीशी फाट. आत मागच्या भिंतीला हा पडदा चिकटलेला असतो, कागदाच्या घडीपेक्षाही पातळ. त्याच्या पुढची पोकळी जेलीसारख्या गोळ्याने भरलेली. वय झालं की जेली आटते आणि पडद्यापासून सुटते, पण जिथे घट्ट चिकटलेली असते तिथे पडद्याला ओढते. चमकायची ती वीज या ओढीची. धागे-ठिपके दिसतात त्या आत तरंगणाऱ्या कणांच्या सावल्या. आणि फाटीतून पाणी मागे शिरलं, की अख्खा पडदा भिंतीवरून सुटून येतो. मग मोठं ऑपरेशन, आणि तरी गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही.

जन्मभर मी लोकांना माझ्या पडद्यांची ऐट सांगत आलो. आणि हा एवढासा, कोणी न शिवलेला, न धुतलेला! आईचा चेहरा ह्याच्यावर उमटला, तुझी वेणी ह्याच्यावर उमटली, आणि मला पत्ताही नव्हता. डोळे भरून आले. (थेंबांचं पाणी आहे, असं डॉक्टरांना सांगितलं. थेंब घालून तासभर झाला होता.)

आता उपचार ऐक. फाट शिवत नाहीत. तिच्या भोवती लेझरच्या प्रकाशाने टाके घालतात. प्रत्येक टाक्यापाशी पडदा भिंतीला धरतो, म्हणजे फाट पुढे जात नाही आणि पाणी मागे शिरत नाही. जाळी उसवली की आपण भोवतीने टाके घालतो ना, अगदी तेच डोकं. पण सुई नाही, दोरा नाही! हनुवटी टेकवली, डोळ्याला भिंग लावलं, आणि हिरवा प्रकाश टकटक, टकटक. जरासं टोचलं. मी दगडासारखा निश्चल होतो. (माझा हात इतका आवळला होता, की लिहिताना अजून बोटं दुखताहेत.) टाके पक्के व्हायला एक-दोन आठवडे लागतील. धागा मात्र अजून दिसतोच, त्याची सवय करायची म्हणाल्या.

निघताना त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असा जाड चष्मा आहे का? अशा डोळ्यांत पडदा ताणून पातळ होतो आणि लवकर फाटतो म्हणे. ताई, बाबांच्या पश्चात तो फक्त आपल्या दोघांना आहे. आणि रविवारी फोनवर तू म्हणाली होतीस, की उजव्या डोळ्यापुढे डास फिरतात आणि दिवा मालवला की काहीतरी चमकतं. आज दवाखान्यातूनच तुला फोन लावला, तर 'मला काय धाड भरलीय' म्हणून तू ठेवून दिलास. म्हणून हे पत्र.

भावजींना नमस्कार, पोरांचे गालगुच्चे माझ्या वतीने तूच घे.

तुझा, आतून टाके घातलेला,
भाऊ

ता. क. तुझ्या हॉलच्या पडद्यांचं कापड आलंय. तू डोळे दाखवल्याशिवाय त्याला कात्री लागणार नाही.

ता. क. दुसरा: आता डावा डोळा झाकून घे आणि ही ओळ नुसत्या उजव्याने वाच. कडेला कुठे सावली येते का?

ता. क. तिसरा, माझा: वन्सं, पत्र पोस्टात टाकायला मी ह्यांना साफ नकार दिला, म्हणूनच ते हातात देऊन मी आता तुमच्यासमोर बसलेय. गाडी दाराशी उभी आहे आणि दवाखान्यात डॉक्टर तुमच्यासाठी थांबल्या आहेत. सावली दिसली असेल तर माझा हात धरा. नसेल दिसली तरी धरा.