आम्ही चौघं, खुर्च्या पाच

सोमवार, ३
आजपासून मी नोकरदार! घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून बाबांनी नेमणुकीचं पत्र अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं; शेवटी आईनेच ते काढून घेतलं. आमची टीम चौघांची: डॉक्टरबाई, सिस्टर, श्वासाचे व्यायाम शिकवणारे मास्तर आणि मी, समुपदेशक. फुप्फुसं निकामी होत आलेल्यांच्या घरी आम्ही एकत्र जातो. डॉक्टरबाईंनी बजावलं, की आपण श्वास सोपा करायचा; जायची घाई करायची नाही आणि ओढूनताणून थांबवायचंही नाही. ठरवायचं त्या माणसाने.

मंगळवार, ४
शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे गेलो. चौथ्या शब्दाला दम लागतो, पण जीभ तिखट. ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडा, असं मास्तरांनी सांगितलं, तर म्हणे या वयात असं तोंड केलं तर नवरा घर सोडून पळेल. सिस्टरांनी चेहऱ्यासमोर हातपंखा धरला तेव्हा जरा निवल्या. त्यांना एकच हवंय: सहा वर्षं न बोललेली लेक शुक्रवारी येतेय, तोवर टिकायचं. मी म्हटलं, आम्ही सगळे एकच. आमच्यातल्या कुणाहीजवळ मनातलं बोला.
मावशींच्या यजमानांनी, काकांनी, खुर्च्या पाच मांडल्या होत्या. चौघंच आहोत म्हटल्यावर ओशाळले.

बुधवार, ५
निवृत्त पोस्टमनकाकांकडेही पाच. उशाकडची रिकामी. ते सकाळीच वारले होते. सून सांगत होती, तुमच्या त्या शांत बाई एकट्याच आल्या, धाप लगेच थांबली. त्या उठल्या आणि मामंजी गेले.
मास्तर म्हणाले, बऱ्याच घरी हेच ऐकलंय, उकरून काढू नकोस. सिस्टर म्हणाल्या, माणूस सुटतो ना? माझं डोकंच फिरलं. सुटायचं होतं का, हे त्याला विचारलं कुणी?

गुरुवार, ६
मावशींनी माझा हात सोडलाच नाही. आज सकाळी ती शांत बाई आली होती, म्हणाल्या. गोड बोलून मनातलं विचारलं. टीमचीच समजून मावशींनी सांगितलं, की फार थकले. तर म्हणाली, मग उद्या नेते.
माझीच चूक. कुणाहीजवळ बोला, हे मीच सांगितलं होतं. दमलेलं माणूस कुरकुरणारच की! लेकीला न भेटता जाते, असं कुठे म्हणाल्या त्या?

शुक्रवार, ७, सकाळ
पाचवी खुर्ची उशाशी. तीत मी बसलेय. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बाकीच्यांना पुढच्या घरी नेलं. लेक दुपारी पोचेल.

बारा
मांडी गार पडली. कुणीतरी बसलंय — माझ्यावरच. वजन नाही, पण छाती — श्वास अर्ध्यावरून परत येतो. मीही ओठांचा चंबू केला. मावशी म्हणाल्या, बये, तुझं लग्न जमायचं नाही. हसले. हसायलाही हवा लागते, आज कळलं.

दोन
ती माझ्या कानाशी विचारते, थकलीस ना.
थकले. पण तुला नाही सांगणार. मोठ्याने म्हटलं. काका दचकले —

पावणेतीन
जिन्यात पावलं. लेक! आल्या आल्या मावशींनी तिला झापलं, किती वाळलीस म्हणून. रडतायत. भांडतायत. भांडू देत. हवा तेवढा वेळ —
नखं निळी पडलीत. माझी.
ऐक गं तू. त्या स्वतः म्हणतील तेव्हा. तू ठरवायचं नाही. तोवर मी इथून उठत ना—