भुशातली हंडी

माय, आज बरबटी शिजली, अन् तेव्हापासून मी घोटाळ्यात पडलो आहे. शिजली नसती तं बरं झालं असतं असं म्हणवत नाई, कारण आम्ही तिघंही पोटभर जेवलो. पण याच्या आधी दोनदा ती बिघडली होती तवा मन शांत होतं, अन् आज मऊ दाणा बोटानं दाबून पाह्यला अन् मनात जे वर आलं ते काही खाली बसून नाई राह्यलं. तुले विचारायचं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मले मिशा फुटल्या, लग्न झालं, एक पोरगी झाली, अन् मले आत्ता सुचलं विचारायचं.

मी इथी छत्तीसगडाकडे आहे. लोखंडाचा मोठा कारखाना उभा होऊन राह्यला, त्याच्या कामावर. मी सळया बांधतो, माझी बायको गिट्टी वाहते, पोरगी तिथंच सावलीत कापडाच्या झोळीत राह्यते. संध्याकाळी घरी येतो तं दोघांच्याही अंगात काही उरलेलं नसते. चूल पेटवायची, धुरात डोळे चोळायचे, पोरगी रडते, अन् भात होईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांवर तोंड टाकून मोकळे झालेलो असतो. ती म्हणते, "मीबी दिवसभर टोपली उचलली, माह्या हाताले का बिसावा नोको?" तिचं खरंच आहे. मग मी उठून बाहेर जातो. माझी ही सवय तुले ठाऊक आहे, मी घरात टिकतच नव्हतो.

अशाच एका संध्याकाळी मले तुझी हंडी आठवली. धान रोवण्याच्या दिवसांत तू तांबडं फुटायच्या आत उठायची. मागच्या सपरीत, उतरत्या छपराखाली, खड्डा होता, त्यात धानाचा भुसा. रात्री भिजवलेली बरबटी हंडीत, त्यात लसूण, मिरची, मीठ अन् वाळल्या कैरीच्या फोडी. हंडी गळ्यापर्यंत भुशात पुरायची, चुलीतले दोन निखारे कडेनं सोडायची, झाकणावर दगड ठेवायची अन् कमरेले पदर खोचून धानाच्या बांधीवर निघून जायची. उन्हाळ्यात तेंदूपानं तोडायले गेली तरी तेच. दिवस बुडता तू येते, पाय धुते, हंडी उघडते, अन् बरबटी लोण्यासारखी. तांदळाच्या दोन भाकरी एकावर एक, मधात ती बरबटी, वरून जवसाच्या तेलाची धार. आपण त्याले जोड म्हणत होतो. हातात घ्यायची अन् खायची, ना ताट ना वाटी, घासायले एक हंडीच. मी तं जोड घेऊन अंगणात फिरत फिरत खात होतो अन् तू मागून ओरडत होती, "बस न गा एका जागी, अन्न बी फिरून फिरून थकलं असन."

मी बायकोले सांगतलं, माझी माय दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत राहे अन् तिची हंडी आपल्या आपण शिजे. ती हसली. "तुमच्या मायची हंडी लय शहानी होती," म्हणे. पण तिलेही पटलं. इथी धानाच्या गिरणीमागं भुशाचा ढीग पडला आहे, कोणी विचारत नाई. खोलीच्या मागं खड्डा केला. सायकलवर एक माणूस डबलरोटी विकायले येते, भाकरी थापायचं कामही वाचन म्हणून ती घेतली. पहिल्या दिवशी आलो तं बरबटी दाताखाली कटकट वाजत होती अन् भुसा मधातच विझलेला. दुसऱ्यांदा निखारे जास्त टाकले तं एक बाजू जळून कोळसा. दोन्ही दिवस आम्ही डबलरोटी मिठामिरचीसोबत खाल्ली. शेजारची बाई वास घेत आली अन् म्हणे, "काय वो, नवऱ्याले रांधाले लावलं का?" माझ्या बायकोनं डोळे न उचलता सांगतलं, "रांधत नाई तो, जाळते."

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती याच्यातच गुंतली आहे. आपल्या गावचा एक भाऊ इथी कामाले आहे. तो दिवाळीले गावी जाऊन आला अन् ताईचा निरोप घेऊन आला. बाबा तिच्या घरी आहे. लेकीच्या घरी बापानं किती दिवस खायचं, असं तिची सासू आता तोंडावर म्हणते. बाबा तं हातात घास घेऊन थांबते म्हणे, कोणी उठून गेलं की मग खाते. ताईनं विचारलं आहे, तू नेतं का नाई ते सांग. तो भाऊ उद्या पुन्हा गावी, आरमोरीकडे निघाला आहे, त्याले उत्तर पाह्यजे. मी चार दिवस त्याले चुकवून राह्यलो. खोली एक. आम्ही दिवसभर बाहेर. लाखोरीची डाळ खाऊन खाऊन पाय गेलेला माणूस, काठीवर वाकून एक एक पाय ओढणारा, त्याले इथी कोण पाह्यन? अन् दुसरंही आहे, तुझ्यापासून काय लपवू. लहानपणी आपल्या घरी सगळे राबत होते अन् तो खाटेवर बसून होता, हेच माझ्या डोळ्यात राह्यलं आहे.

आज सुट्टी होती. मी ठरवलं की हंडीजवळून हलायचं नाई, ती काऊन बिघडते ते पाहूनच घ्यायचं. मी एका जागी बसलो म्हणून बायकोले नवल वाटलं, तिनं पोरीले आणून दाखवलं, "पाह्य वो, तुया बाप बसला." बसून पाह्यलं तं माय, भुसा आपल्या आपण नाई जळत. वारा फिरला की एकीकडे लाल होते अन् दुसरीकडे विझते. वरची राख जमली की आतलं गुदमरते. मग काहीतरी घेऊन ते हलवावं लागते, लाल बाजू दाबावी लागते, नवा भुसा सारावा लागते. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी जवळ पडलेला बांबूचा दांडा घेतला अन् दिवसभर तेच करून राह्यलो. तिसऱ्या पहरी झाकण काढलं, दाणा दाबला, तं मऊ. खुशीत दांडा बाजूले ठेवला अन् त्याच्या टोकाकडे नजर गेली. टोक काळं पडलं होतं, जळून निमुळतं झालं होतं, वर करडी राख.

ही काठी मी पाह्यली आहे, माय. बाबाच्या काठीचं टोक असंच होतं. आम्ही पोट्टे त्याले हसत होतो, बुढ्याची काठी बिडी पिते म्हणून. मी एकदा त्यालेच विचारलं होतं तं तो म्हणे, "वाळवी लागते बांबूले. जाळलं का लागत नाई." तेही खरं असन. गावात सगळेच बांबूचं टोक जाळतात. पण सगळ्यांच्या काठ्या दरवर्षी आखूड होत नाईत. त्याची होत होती. शेवटी शेवटी तो इतका वाकून चाले की मले वाटे पाय आणखी गेले.

तवापासून एक एक गोष्ट निघून राह्यली. दुपारी भूक लागली की मी नदीवरून घरी येत होतो अन् मागच्या सपरीकडे वळलो की तो सपरीलगतच्या खाटेवरून ओरडे, "मागं जाऊ नोको, साप निघाला." रोज कसा साप निघन? मले वाटे बुढ्याले आमचं पोटभर खाणं पाहवत नाई. अन् तू आली की आधी खाटेपाशी जात होती. तो म्हणे, "आत्ता नोको, थोडं थांब." कधी म्हणे, "काढ." अन् तू त्याचं ऐकत होती. मले राग येई की दिवसभर राबून आलेल्या बाईवर हा बसल्या जागी हुकूम चालवते. त्याले आत काय शिजलं काय नाई ते कसं समजत होतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाई.

अन् तो दिवस. बांधीवरच्या बाया आपल्या अंगणात बसल्या होत्या, मी जोड खात होतो. एकीनं तुले विचारलं, "काय वो बाई, तू तं दिवसभर आमच्यासंगं, तुई हंडी कोन पाह्यते?" तू म्हणाली, "कोन पाह्यन? भुसा पाह्यते." सगळ्या हसल्या. मी मधात तोंड घातलं, "बाबाले सांगत जा न पाहाले, रिकामाच तं रायते." तुझ्या हातात लाकडी पळी होती. ती माझ्या मनगटावर बसली. तू मले कधी मारलं नव्हतं. "बापाले चुलीशी बसवतं का?" म्हणाली, अन् इतक्या मोठ्यानं म्हणाली की बाया उठून गेल्या. बाबा खाटेवर तोंड फिरवून पडला होता. जोड मातीत पडली होती ती तू उचलली, फुंकली अन् मले न देता त्याले नेऊन दिली.

मले इतके दिवस वाटलं, मी वाईट गोष्ट बोललो म्हणून मारलं. आज वाटून राह्यलं, मी नकळत खरी गोष्ट बोललो म्हणून मारलं असन. यातलं कोणतं, ते मले समजत नाई. गावात माणूस अपंग चालते, रिकामाही चालते, पण चुलीशी बसलेला चालत नाई, म्हणून तू त्याले झाकलं का? का तो म्हणाला, मले झाक? अन् झाकलं तं आमच्यापासून काऊन? आम्ही तं त्याचीच लेकरं होतो. त्याले आळशी म्हणून घेणं चालत होतं अन् रांधणारा म्हणून घेणं नाई, हा कसा हिशोब?

पण दुसऱ्या बाजूनं विचार करतो तं तेही पटते. तू तापात गेली, त्याच्यानंतर आपल्या घरी भुशात हंडी लागली नाई. ताई चुलीवर भात करे, आम्ही खात होतो. बाबाले येत होतं तं त्यानं काऊन नाई ठेवली? पोटं तं तीच होती. तो खाटेवर पडून राहे, खड्ड्यात पाणी साचलं, मग त्यात कुत्री निजायले लागली. म्हणजे हंडी तुझीच होती, भुसा आपल्या गावचा चांगला असन, वारा तिकडे कमी असन, अन् मी एका काळ्या टोकावरून काहीच्या काही रचून राह्यलो. असंही असन. का तुझ्याविना त्याले निखारे आणून देणारं कोणी नव्हतं? चुलीपर्यंत त्याचा पाय जात नव्हता, ते तं मी डोळ्यानं पाह्यलं आहे. मी घरात असतो तं दिले असते. मी घरात नव्हतो.

बायकोले हे सगळं सांगतलं. ती पोरीले डबलरोटी चारत होती, मधात बरबटी घालून. पोरगी वरचा पाव फेकून आतलं चाटत होती. बायकोनं सगळं ऐकलं अन् म्हणे, "मंग आना न त्यायले. आमी कामावर, ते हंडीपाशी. पोरगी बी त्यायच्यासंगं राह्यन, उन्हात नेनं नोको." कालपर्यंत हीच म्हणत होती, कुठी निजवनार? मी म्हटलं, "हंडी पाहाले बापाले आनू?" ती म्हणे, "मंग कायले आनता? पाया पडाले? खाटेवर बसवून भाकर देसान तं ते लेकीघरी बी भेटूनच राह्यली. त्यायले ते बी गोड लागून नाई राह्यलं." अन् पोरीचं तोंड पुसत म्हणे, "इथी आपल्याले कोन वळखते? चुलीशी बसले तं बसले."

माय, हे बरोबर आहे का चूक, मले सांगता येत नाई. तू ज्या गोष्टीसाठी पळी मारली तीच मी आता करून राह्यलो. अन् तुझी सून म्हणते यातच त्याचा मान आहे. तुम्ही दोघी एका अंगणात असत्या तं मी दोघींचं ऐकून बाहेर फिरायले निघून गेलो असतो. आता जायचं कुठी?

मघाशी जाऊन त्या भावाले सांगतलं, बाबाले घेऊन ये. तो म्हणे, "गाडीत चढन का बुढा?" मी म्हटलं, उचलून चढव, भाड्याचं मी पाहीन. तो निघाला तवा पुन्हा हाक मारून सांगतलं, त्याची काठी राहू देऊ नोको, संगं आण. तो हसला, "बुढा काठीबिगर येईन का गा?"

हा कागद कुठी धाडणार? भुसा पेटवायले कागद लागतेच, उद्या कामी येईन. एवढंच सांगून ठेवतो. तो आला की मी त्याच्यासमोर हंडी ठेवीन, भुसा ठेवीन, निखारे आणून देईन अन् कामावर निघून जाईन. काठीचं मात्र त्याले विचारणार नाई. भेव वाटते मले, तो वर पाह्यन अन् म्हणन, वाळवीसाठी जाळली होती.