एकवीस नंबरची चिठ्ठी

१४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता मुख्य लेखिकाबाईंनी एकवीस नंबरची संहिता उलटी केली आणि शेवटच्या पानामागे चिकटवलेली चिठ्ठी मोठ्यानं वाचली. त्या क्षणी माझं सगळं बिघडलं. पहिल्यापासून सांगतो, मध्येच हसू नकोस.

आमच्या वाहिनीला नव्या मालिकेसाठी लेखक हवाय. आजवर लेखकांच्या खोलीत तेच ते, एकमेकांचे मित्र नाहीतर भाचे. म्हणून यंदा ठरलं, कुणीही एक प्रसंग लिहून द्यावा. नाव झाकायचं, नंबर टाकायचा, आणि वाचणाऱ्या तिघांनी फक्त लिखाण बघायचं. झाकायचं काम माझ्याकडे. चौसष्ट संहिता, चौसष्ट पट्ट्या, दोन दिवस बोटांना डिंक. त्यात एकविसावी निघाली तिची. कपडेपटात शिवणकाम करणारी, माझ्या शर्टाला बटण लावून दिल्यापासून जिला तू ‘बटणवाली’ म्हणतेस, तीच.

तिची आईही तिथंच शिवायची. कपडेपटातून लेखकांच्या खोलीपर्यंत आजवर इस्त्रीचे कपडे गेले, माणूस कधी गेलं नाही. मला वाटलं, नुसत्या नंबरावर हिला कोण विचारणार? म्हणून मी चिठ्ठी लावली, ‘ही कपडेपटात शिवते. गरीब घरची आहे. वेगवेगळ्या घरांतली माणसं हवीत ना? मग हिला घ्या.’ अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिली. झालं का समाधान? हस आता.

बाई म्हणाल्या, हे उमेदवाराचंच काम दिसतंय, ओळख उघड केली की संहिता बाद. तिला बोलावलं. अक्षर आपलं नाही, एवढंच ती म्हणाली, पण कुणाला पटलं नाही. मी हाताच्या अंतरावर उभा होतो आणि चिठ्ठी माझी, हे सांगितलं नाही. कॉलेज अर्ध्यावर सोडताना बाबांसमोर घसा फाडणारा, दार आपटून काच फोडणारा तो मीच का, असं वाटतं. तेवीस तारखेला शेवटची बैठक आहे.

भावोजींना नमस्कार. रागाव हवं तर, अबोला मात्र धरू नकोस.

तुझा,
भडकू


१८ जून

चि. भडकूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हसले नाही. इकडे पिल्लूला दात आला आणि पहिला चावा माझ्या खांद्याला बसला. घराण्याचा गुण, दुसरं काय!

तू मदत केलीस म्हणतोस. तिनं मागितली होती? बरं, तिनं काय लिहिलंय ते तरी वाचलंस? बटणावर तू मला तीन पत्रं लिहिलीस, तिच्या लिखाणावर एक ओळ नाही. तुला ती आवडते ते कळलं. तिला काही येत असेल, हे मात्र तुझ्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

आणखी एक. मामांनी शपथ घातली होती, पण आज मोडते. तुझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मामांनी तुमच्या वाहिनीतल्या त्यांच्या मित्राला फोन केला होता. ‘अकरा जणांतून निवडलं, तेही गुणांवर,’ असं तू मला मोठ्या दिमाखात लिहिलं होतंस. मी तेव्हा वाचून गप्प बसले, त्याची आता लाज वाटते. बाळा, तुझ्या नावावर कुणी पट्टी लावली नव्हती.

काय करायचं ते मी सांगणार नाही. वेळेवर जेवत जा. माया आहे तेवढीच आहे, हे ध्यानात ठेवून उत्तर लिही.

तुझी,
ताई


२४ जून

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र जिन्यात बसून वाचलं. आधी मामांवर चिडलो, मग तुझ्यावर, मग चिडायला कुणी उरलं नाही.

त्याच दुपारी एकवीस नंबर काढून वाचला. एक म्हातारी नटी राणीच्या पोशाखाचं माप द्यायला उभी आहे. कंबर वाढलीय, पण ती कबूल करत नाही. शिवणारी आकडा मोठ्यानं सांगत नाही, टेप गुंडाळून खिशात टाकते. शेवटी नटीच हळूच सांगते की यंदा दोन बोटं सैल ठेव. बस, एवढंच. खाली तिघांचे गुण होते, दहापैकी नऊ, नऊ आणि साडेनऊ. चिठ्ठी कुणाच्या नजरेला पडायच्या आधीच ती पहिली आली होती.

काल न बोलावता बैठकीत शिरलो. चिठ्ठी माझी, असं सांगितलं आणि डाव्या हातानं तीच ओळ त्यांच्यासमोर लिहून दाखवली. मामांच्या फोनचंही सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, हे तर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, तेव्हाच विचारायला हवं होतं. राजीनामा टेबलावर ठेवला, तो त्यांनी घेतला.

तिला जागा मिळाली. पण खाली सगळे म्हणतायत की कपडेपटातली म्हणून घेतली, दया आली म्हणून घेतली. ती कितीही चांगलं लिहू दे, हे तिला ऐकावं लागणार. पट्टी निघाल्यावर आपलं नाव बघून सगळे चकित व्हावेत, एवढी एकच हौस होती, असं ती म्हणाली. ती हौस मी घालवली. मग तिनं विचारलं, चिठ्ठी लावण्याआधी मी तिचा प्रसंग वाचला होता का. मी नाही म्हणालो. तिनं मान हलवली.

मामांना मी स्वतः लिहीन. बाबांना तूच सांग, माझ्यात तेवढी हिंमत नाही. पिल्लूला पापा. जमेल तेवढा लोभ ठेव, जास्त मागायला तोंड नाही.

तुझा,
भडकू

ता. क. आज सकाळी डिंकाची बाटली आणि उरलेल्या पट्ट्या परत द्यायला लेखकांच्या खोलीत गेलो. खिडकीजवळच्या खुर्चीत ती पाठमोरी बसून लिहीत होती. माफी मागायची म्हणून रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण तिचं पेन चालू होतं. सामान कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं. बाहेर आलो, आणि आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून दार लावून घेतलं.